लिस्प शिकायचीय? पहिल्या कंसापासून पहिल्या मॅक्रोपर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या ड्रॉइंग ऑफिसात दोन दिवस बसलात, तर "ती लिस्प लोड कर की" हे वाक्य कानावर पडतंच. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपलोड कमांड द्यायची, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली फाइल निवडायची, की शंभर भोकांना एका दमात नंबर पडतात. ती फाइल कुणी लिहिली, आत काय आहे, हे उघडून कुणी बघत नाही. मी ड्राफ्ट्समन होतो तेव्हा मीही कित्येक वर्षं बघितलं नव्हतं.

मग एकदा एका प्लेटच्या ड्रॉइंगमध्ये मधलं भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलं. रुंदी ७५, निम्मे ३७.५ यायला हवेत. ड्रॉइंगवर आले ३७. जॉब मशीनवरून उतरून तपासणीला गेल्यावर हे लक्षात आलं, आणि ते ड्रॉइंग माझ्या सहीचं होतं. संध्याकाळी ती लिस्प नोटपॅडमध्ये उघडली. अर्धा तास शोधल्यावर ही ओळ सापडली:

(/ रुंदी २)

ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या लिस्पमध्ये, दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की भागाकाराचं उत्तरही पूर्णांकच येतं, दशांश भाग सरळ टाकून दिला जातो. रुंदी पूर्णांक म्हणूनच विचारली जात होती, त्यामुळे ७५ भागिले २ म्हणजे ३७. मी २ च्या जागी २.० केलं आणि उत्तर ३७.५ आलं. त्या रात्री उरलेली फाइलही वाचून काढली. आता सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी डिप्लोमा-डिग्रीची मुलं आणि काही कामावरचे ड्राफ्ट्समन यांना मी हीच भाषा शिकवतो. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न दर बॅचला येतो. त्याचं उत्तर सविस्तर लिहितो आहे.

आधी घराणं समजून घ्या

लिस्प ही प्रोग्रामिंगची एक भाषा नाही, भाषांचं घराणं आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी तिची सुरुवात केली, आणि १९६० मध्ये त्यांचा लिस्पवरचा मूळ निबंध छापून आला. रोजच्या वापरात टिकून राहिलेल्या वरच्या पातळीच्या भाषांत तिच्याहून जुनी म्हणजे १९५७ ची फोरट्रान. निबंधात मॅकार्थींनी लिस्पच्या वाक्याची किंमत, म्हणजे उत्तर, काढणारं एक फंक्शन (नाव दिलेलं काम) लिस्पमध्येच लिहून दाखवलं होतं, ते केवळ कागदावरच्या मांडणीसाठी. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल याने ते बघितलं आणि हे तर मशीनवर चालवता येईल म्हणून आयबीएम ७०४ या तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या मशीन कोडमध्ये उतरवलं. भाषा कागदावरून उठून चालायला लागली ती अशी.

लिस्पमध्ये सगळं कंसांत लिहितात, त्या कंसांचीही गोष्ट तशीच. मॅकार्थींच्या मनात प्रोग्रामरसाठी वेगळी, गणितासारखी दिसणारी लिखावट होती. कंसांची मांडणी मशीनच्या आतल्या सोयीपुरती होती. पण वापरणाऱ्यांना ती कंसांची मांडणीच आवडली आणि ती राहिली ती आजतागायत.

पुढे घराणं वाढत गेलं. शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला पडद्यावरचं कासव पुढे-मागे फिरवलं असेल तर ती लोगो, १९६७ ची, याच कुळातली. १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी स्कीम काढली, अगदी छोटी आणि स्वच्छ. वेगवेगळ्या लिस्पांना एकत्र बांधून १९८४ मध्ये कॉमन लिस्प आली, तिचं अमेरिकन मानक १९९४ मध्ये ठरलं. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प १९८६ पासून आहे. २००७ मध्ये रिच हिकी यांनी क्लोजर आणली, ती जाव्हाच्या मशीनवर चालते. आणि १९९५ पासून स्कीमच्या अंगाने वाढलेल्या एका प्रकल्पाने २०१० मध्ये रॅकेट हे नाव घेतलं.

कोणती घ्यायची

माझं मत स्पष्ट आहे: नव्याने शिकणाऱ्याने रॅकेट घ्यावी. कॉमन लिस्प ताकदीची आहे, पण तिच्यासाठी एडिटर वगैरे जुळवण्यातच पहिला आठवडा जातो. क्लोजरमध्ये चूक झाली की जाव्हाच्या पोटातला लांबलचक संदेश अंगावर येतो, आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. रॅकेटचं सगळं एका पुडक्यात मिळतं: भाषा, एडिटर, मदत. फुकट आहे, विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, मॅकवरही चालते.

जे ऑटोकॅडवर काम करतात त्यांना वाटेल की ऑटोलिस्पच शिकून घेऊ. घ्या, पण दुसऱ्या महिन्यात. ऑटोलिस्पमध्ये एखादं नाव फंक्शनपुरतं आहे असं मुद्दाम सांगितलं नाही, तर ते सगळ्या ड्रॉइंगभर पसरतं; दोन फाइलींनी एकच नाव वापरलं की एकीची किंमत दुसरीत घुसते. ही सवय आधी लागली तर नंतर मोडायला जड जाते. (ऑटोकॅड एलटी वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यात ऑटोलिस्प २०२४ च्या आवृत्तीपासून आहे.)

टाइप करण्याआधी एवढं वाचा

हा लेख मराठीत आहे म्हणून कोडही देवनागरीत दिला आहे. तुम्ही टाइप करताना भाषेचे स्वतःचे शब्द, म्हणजे डिफाइन, इफ, कॉन्ड, एल्स, लिस्ट, फर्स्ट, रेस्ट, एम्प्टी?, मॅप, फिल्टर, लॅम्डा, डिफाइन-सिंटॅक्स-रूल, आणि #लँग रॅकेट ही ओळ, हे इंग्रजी लिपीत लिहायचे. कॉन्ड म्हणजे सी, ओ, एन, डी एवढी चारच अक्षरं. अंकही इंग्रजी लिहायचे. ४० असं मराठी अंकांत लिहिलंत तर रॅकेट त्याला संख्या समजत नाही, एखादं नाव समजते आणि "असं नाव मला माहीत नाही" म्हणते.

बाकी नावं मात्र देवनागरीत ठेवा. हळद, पोती, भाव, पातळी ही नावं रॅकेटला बिनदिक्कत चालतात. एक सावधगिरी: मराठी टायपिंगमध्ये कधीकधी न दिसणारी जोडाक्षरांची चिन्हं घुसतात, मग डोळ्याला सारखी दिसणारी दोन नावं मशीनला वेगळी वाटतात. असं झालं तर पहिलं नाव कॉपी करून दुसऱ्या जागी चिकटवा. आणि कोड वर्डमध्ये लिहू नका, तिथे अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि रॅकेट ती घेत नाही.

पहिली पायरी: विचारा आणि उत्तर घ्या

रॅकेटच्या संकेतस्थळावरून पॅकेज उतरवा, बसवा आणि त्यातला एडिटर, डॉक्टररॅकेट, उघडा. पडद्यावर दोन भाग दिसतील. वरच्या भागात प्रोग्राम लिहून साठवायचा, खालच्या भागात एकेक ओळ विचारून लगेच उत्तर घ्यायचं. वरच्या भागाची पहिली ओळ ही असते:

#लँग रॅकेट

मग वरच्या कोपऱ्यातलं रन बटण दाबा. आता खालच्या भागात लिहा:

(+ ४० ३५)

एंटर दाबलंत की ७५. चिन्ह आधी, संख्या नंतर, भोवती कंस. लिस्पचं व्याकरण जवळजवळ एवढंच आहे: कंस उघडल्यावर पहिलं जे येतं ते काम, उरलेलं सगळं त्या कामाचा माल. चार संख्यांची बेरीज हवी तर (+ १ २ ३ ४), अधिकचं चिन्ह तीनदा लिहावं लागत नाही.

आता थोडं मोठं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, ८ क्विंटल, भाव १५,००० धरू, हमाली क्विंटलला ३० धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

(- (* ८ १५०००) (* ८ ३०))

हे डावीकडून उजवीकडे वाचू नका. सगळ्यात आतले कंस आधी बघा. (* ८ १५०००) च्या जागी १,२०,००० ठेवा. (* ८ ३०) च्या जागी २४० ठेवा. राहिलं (- १२०००० २४०), म्हणजे १,१९,७६०. शाळेत आपण "कंचेभागुबेव" पाठ केलं होतं, आधी कंस, मग भागाकार, गुणाकार, त्यानंतर बेरीज-वजाबाकी. लिस्पमध्ये त्यातला फक्त "कं" उरतो. कुठलं चिन्ह आधी सोडवायचं हा प्रश्नच येत नाही, कारण क्रम तुम्ही कंसांनी आधीच सांगितलेला असतो.

भागाकारही करून बघा: (/ ७ २). रॅकेट ३ देत नाही, ३.५ ही देत नाही. ती सात छेद दोन हा अचूक अपूर्णांक देते. (/ ७ २.०) दिलंत तर ३.५. माझ्या त्या प्लेटचं भोक रॅकेटमध्ये सरकलं नसतं.

हा खालचा भाग, जिथे विचारलं की लगेच उत्तर येतं, तो लिस्पवाल्यांचा खरा कामाचा ओटा आहे. १९९९ च्या मे महिन्यात नासाच्या डीप स्पेस वन या यानावर कॉमन लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम अडकला, तेव्हा पृथ्वीवरच्या लोकांनी कोट्यवधी किलोमीटरवर चालू असलेल्या त्या प्रोग्रामशी असाच संवाद साधून दोष शोधला. तेव्हा पहिले चार-पाच दिवस वरच्या भागाकडे जाऊच नका. खाली बसून विचारत राहा.

कंस मोजायचे नाहीत

"सर, हे एवढे कंस कोण मोजत बसणार ओ?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला येतो. कुणीच मोजत नाही. बंद कंसापाशी कर्सर नेलात की डॉक्टररॅकेट त्याच्या जोडीपर्यंतचा सगळा तुकडा रंगवून दाखवते. टॅब दाबलंत की ओळ आपल्या जागी सरकते, आणि कंट्रोलसोबत आय दाबलंत की अख्खा प्रोग्राम नीट मांडला जातो. वाचायचं ते ओळींच्या सरकण्यावरून. एखादी ओळ तुम्हाला वाटत होतं त्याहून जास्त उजवीकडे गेली, तर कंस तिच्या वरच्या ओळीत चुकला आहे. अनुभवी माणसाला शेवटचे चार बंद कंस दिसतसुद्धा नाहीत, तो आकार बघत असतो.

मात्र एक सवय सोडावी लागते. सी किंवा पायथन शिकलेल्यांना कंस म्हणजे नुसतं गट करणं वाटतं, जास्तीचा टाकला तर काय बिघडलं. इथे कंस म्हणजे "हे काम कर" असा हुकूम. ((+ २ ३)) लिहिलंत तर आतून ५ येतो आणि बाहेरचा कंस म्हणतो, आता ५ नावाचं काम कर. मग रॅकेट सांगते, "नॉट अ प्रोसिजर", म्हणजे हे काम नाही, आणि खाली दिलेली वस्तू म्हणून ५ दाखवते. सवयीने (५ + ३) लिहिलं तरी हाच संदेश. नव्या मुलांच्या पडद्यावर मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. तो संदेश दिसला की बिचकू नका, पहिल्या जागी काम आहे की माल, एवढंच बघा.

दुसरी पायरी: नाव द्या

आता वरच्या भागात या.

(डिफाइन हमाली-दर ३०)

(डिफाइन (पट्टी क्विंटल भाव)
  (- (* क्विंटल भाव)
     (* क्विंटल हमाली-दर)))

रन करा आणि खाली (पट्टी ८ १५०००) विचारा, १,१९,७६० आलं पाहिजे. नावातली ती आडवी रेघ वजाबाकी नाही, नावाचाच भाग आहे. वजाबाकी नेहमी कंसाच्या तोंडाशी येते, त्यामुळे गोंधळ होत नाही.

रिटर्न कुठे आहे, असं सी शिकलेले विचारतात. लागत नाही. लिस्पमध्ये प्रत्येक वाक्याला किंमत असते, आणि फंक्शनच्या पोटातल्या शेवटच्या वाक्याची किंमत तीच फंक्शनची किंमत. आणखी एक बघा: पट्टी हे फंक्शन कुठे काही बदलत नाही, साठवत नाही. हमाली-दर तोच असेल तर तेच ८ आणि तेच १५,००० दिल्यावर उद्याही तेच उत्तर. फंक्शनल पद्धत म्हणतात ती हीच. लिस्प तिची सक्ती करत नाही, त्यातल्या त्यात क्लोजर जास्त आग्रही आहे. पण नव्याने शिकताना तुम्ही स्वतःवर सक्ती करा. पहिले दोन महिने नावाला एकदा दिलेली किंमत बदलायचीच नाही. चूक शोधायला किती सोपं जातं ते अनुभवाने कळेल.

डॉक्टररॅकेटमध्ये भाषेच्या यादीत शिकणाऱ्यांसाठी "बिगिनिंग स्टुडंट" अशी एक पातळी आहे. ती निवडा, #लँगची ओळ काढा आणि स्टेप बटण दाबा. आतल्या कंसाच्या जागी त्याची किंमत कशी बसत जाते हे एकेक पायरीने पडद्यावर दिसतं. मी वर हळदीच्या हिशोबात जे शब्दांत सांगितलं, ते मशीन करून दाखवतं. बघून झालं की परत आधीच्या भाषेवर या. हे बटण मला माझ्या शिकण्याच्या दिवसांत मिळालं असतं तर दोन महिने वाचले असते.

तिसरी पायरी: निर्णय

सांगलीकराला पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे विचारावं लागत नाही, ते आपोआप कळतं. १९२९ चा हा पूल; इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हाच निर्णय लिस्पमध्ये:

(डिफाइन (पातळी फूट)
  (कॉन्ड
    [(>= फूट ४५) "धोका"]
    [(>= फूट ४०) "इशारा"]
    [एल्स "ठीक"]))

चौकोनी कंस फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी आहेत, गोल टाकले तरी चालतं. कॉन्ड वरून खाली एकेक अट बघतं, पहिली खरी निघाली की तिथेच थांबतं. म्हणून ४५ वर आणि ४० खाली. उलट लिहून बघा. मग (पातळी ५७) विचारलंत तर उत्तर येईल "इशारा", कारण ५७ हे ४० पेक्षाही मोठेच आहेत आणि पहिलीच अट खरी ठरली. प्रोग्राम कुठेही अडखळत नाही, चुकीचा संदेशही येत नाही, आणि पाणी घरात शिरलेलं असताना तो नुसता इशारा देत बसतो. म्हणून असं काही लिहिलं की सीमेवरचे आकडे तपासायचेच: ३९.९, ४०, ४४.९, ४५. मधला एखादा ४२ देऊन समाधान मानू नका.

चौथी पायरी: यादी आणि स्वतःलाच हाक

लिस्प हे नाव "लिस्ट प्रोसेसिंग" वरून आलं, तेव्हा यादी हा तिचा जीव. दर तासाच्या पाण्याच्या नोंदी, आकडे पुन्हा उदाहरणापुरते:

(डिफाइन नोंदी (लिस्ट ३७ ३९ ४१ ४४ ४६ ४४))

(फर्स्ट नोंदी) म्हणजे ३७, (रेस्ट नोंदी) म्हणजे ३७ सोडून उरलेली यादी. जुन्या लिस्पांत आणि ऑटोलिस्पमध्ये यांनाच कार आणि कुडर म्हणतात. आयबीएम ७०४ च्या मेमरीतल्या शब्दाचे जे भाग होते, ॲड्रेस आणि डिक्रिमेंट, त्यांच्यावरून पडलेली ही नावं आहेत. मशीन केव्हाच गेलं, नावं कुपवाडच्या ड्रॉइंग ऑफिसात अजून आहेत.

आता बेरीज. यादीची बेरीज म्हणजे काय? यादी रिकामी असेल तर शून्य. नसेल तर पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज. मराठीत जे वाक्य म्हटलं तेच लिहायचं:

(डिफाइन (बेरीज यादी)
  (इफ (एम्प्टी? यादी)
      ०
      (+ (फर्स्ट यादी)
         (बेरीज (रेस्ट यादी)))))

फंक्शन स्वतःलाच हाक मारतंय हे बघून डोकं गरगरतं, ते साहजिक आहे. इथे घाई करू नका. कागद घ्या आणि छोट्या यादीवर हाताने करा. माझ्या वर्गात हे फळ्यावर न करता प्रत्येकाला वहीत करायला लावतो:

(बेरीज (लिस्ट ३ ५ २))
(+ ३ (बेरीज (लिस्ट ५ २)))
(+ ३ (+ ५ (बेरीज (लिस्ट २))))
(+ ३ (+ ५ (+ २ (बेरीज (लिस्ट)))))
(+ ३ (+ ५ (+ २ ०)))
१०

प्रत्येक ओळीत यादी एकाने कमी होते आणि उजवीकडे कंस साचत जातात. यादी संपली की आतून बाहेर हिशोब मिटतो. ज्याने हे वहीत तीनदा केलं त्याला नंतर पुन्हा विचारावं लागलेलं नाही. ज्याने नुसतं बघून "कळलं" म्हटलं, तो पुढच्या आठवड्यात परत येतो.

रोजच्या कामात मात्र यातलं बरंच आयतं मिळतं. यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करायचं तर मॅप, काहीच निवडायचे तर फिल्टर:

(मॅप पातळी नोंदी)

(फिल्टर (लॅम्डा (फूट) (>= फूट ४०)) नोंदी)

पहिल्याचं उत्तर "ठीक" "ठीक" "इशारा" "इशारा" "धोका" "इशारा". दुसऱ्याचं ४१ ४४ ४६ ४४. लॅम्डा म्हणजे बिननावाचं फंक्शन. हा शब्द १९३० च्या दशकातल्या अलोंझो चर्च यांच्या गणितातून आला. एकदाच वापरायचं त्याला नाव कशाला, एवढाच हेतू. आणि फिल्टरनंतर पुन्हा नोंदी विचारा: सहाच्या सहा जागेवर आहेत. जुनी यादी तशीच राहते, नवी वेगळी मिळते.

पाचवी पायरी: भाषेत स्वतःचा शब्द घाला

महिनाभर झाल्याशिवाय इकडे येऊ नका. पण लिस्पवर लोक इतका जीव का लावतात, त्याचं उत्तर इथे आहे.

समजा इफच्या जागी आपल्याला "जर" हवा आहे. फंक्शन लिहून बघू:

(डिफाइन (जर अट हो नाही)
  (इफ अट हो नाही))

(जर (= २ २) १० २०) विचारलंत तर १०. छान वाटतं. आता पोती शून्य आहेत असं धरा:

(डिफाइन पोती ०)

(जर (= पोती ०) ० (/ १२०० पोती))

शून्याने भागल्याची तक्रार येते! अट खरी होती, उत्तर सरळ ० यायचं. झालं काय, तर फंक्शनला हाक मारताना त्याचा सगळा माल आधी शिजवून मगच आत दिला जातो. हो आणि नाही, दोन्ही बाजू आधीच मोजल्या गेल्या, आणि नको असलेली बाजू फुटली. म्हणजे "जर" हे फंक्शन म्हणून लिहिताच येत नाही. इथे मॅक्रो लागतो. वरचं जर पुसा आणि हे लिहा:

(डिफाइन-सिंटॅक्स-रूल (जर अट हो नाही)
  (इफ अट हो नाही))

आता तेच विचारा. ० आलं. मॅक्रोला किंमत दिली जात नाही, तुम्ही लिहिलेला कच्चा तुकडा जसाच्या तसा दिला जातो, आणि मॅक्रो तो उचलून नव्या मांडणीत बसवतो. हे इतकं सोपं का जमतं? कारण लिस्पचा कोड ही लिस्पची यादीच असते. '(+ २ ३) असं पुढे एक अवतरणचिन्ह लावून विचारा: ५ येणार नाही, तीन गोष्टींची यादी परत येईल, तिची पहिली गोष्ट अधिकचं चिन्ह. ज्या हत्याराने नोंदी निवडल्या त्याच हत्याराने कोडही कापता-जोडता येतो. इतर बऱ्याच भाषांत नवा शब्द हवा तर भाषा बनवणाऱ्यांची वाट बघावी लागते. इथे संध्याकाळी सांगलीत बसून आपण भाषेला "जर" दिला.

तरीही नियम असा ठेवा: फंक्शनने काम होत असेल तर मॅक्रो लिहायचा नाही. दुसऱ्याला वाचायला तो जड जातो.

इथून पुढे

ऑटोकॅडवाल्यांनी आता आपली रोजची लिस्प फाइल उघडावी. डिफाइनच्या जागी डीफन आणि सेटक्यू दिसतील, कार-कुडर दिसतील, पण आकार ओळखीचा वाटेल. पहिलं काम म्हणून तिच्यातले सगळे भागाकार तपासा. नोकरीचा विचार असेल तर क्लोजरकडे वळा; ब्राझीलच्या नूबँकसारखी मोठी बँक ती वापरते. मोठे, वेगवान प्रोग्राम लिहायची हौस असेल तर कॉमन लिस्प, आणि तिच्यासाठी एसबीसीएल हा फुकट मिळणारा कंपायलर. कुठेही गेलात तरी वरच्या पाच पायऱ्यांतलं फारसं काही नव्याने शिकावं लागत नाही, नावं बदलतात.

जाण्याआधी एक गणित सोडवा. वरच्या नोंदींत पाणी पहिल्यांदा ४० फुटांवर आलं ती कितवी नोंद? बहुतेक मुलं बेरजेच्याच साच्यात लिहायला जातात: यादी रिकामी असेल तर "नाही", पहिली नोंद ४० च्या वर असेल तर १, नाहीतर १ अधिक उरलेल्या यादीचं उत्तर. या यादीवर ते चालतं. पण पाणी कधीच ४० ला पोचलं नाही अशी यादी दिली की शेवटी "नाही" हा शब्द परत येतो, आणि प्रोग्राम १ मध्ये "नाही" मिळवायला जाऊन कोसळतो. त्यापेक्षा क्रमांक हातात धरून पुढे जायचं:

(डिफाइन (पहिली-नोंद यादी क्रमांक)
  (कॉन्ड
    [(एम्प्टी? यादी) "नाही"]
    [(>= (फर्स्ट यादी) ४०) क्रमांक]
    [एल्स (पहिली-नोंद (रेस्ट यादी) (+ क्रमांक १))]))

(पहिली-नोंद नोंदी १)

उत्तर ३. हे बेरजेसारखं वहीत उलगडून बघा: इथे उजवीकडे कंस साचत नाहीत, प्रत्येक ओळ तेवढीच लांब राहते, कारण स्वतःला मारलेली हाक हे फंक्शनचं शेवटचं काम आहे, तिच्यानंतर काही मिळवायचं उरत नाही. अशा हाकेने मेमरी वाढू द्यायची नाही, असा स्कीमच्या मानकाचा नियमच आहे, आणि रॅकेट तो पाळते. म्हणून लाखभर नोंदींची यादी दिली तरी फरक पडत नाही.

आता यात ४० ऐवजी हवी ती मर्यादा बाहेरून देता येईल असा बदल तुम्ही करा. ४५ दिल्यावर ५ आलं पाहिजे, ५० दिल्यावर "नाही".